नाळ की धार?

कॅडेट मित्रांनो, भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटरवर आहे. जानेवारीत पहाटेच्या पीटीला पारा 10-12 अंशांवर आला की आपण कुडकुडतो. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे नुसत्या उंचीच्या हिशेबाने 5,000 मीटरवर त्या पहाटे उणे 18 ते 20 अंश असणार, आणि यात वारा धरलेलाच नाही. तुमच्यापैकी काही जण पुढे उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या कोर्सला जातील. हा धडा त्यांच्यासाठी.

सह्याद्रीत हिंडणाऱ्यांचे दोन शब्द इथे कामाला येतात. दोन कड्यांमधली पाण्याने कोरलेली उभी घळ म्हणजे नाळ, आणि माथ्याकडे चढत गेलेला डोंगराचा अरुंद कणा म्हणजे धार. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट किंवा लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक असते की वरून सुटलेला दगड नाळेतूनच खाली येतो. हिमालयात हिवाळ्यात दगडासोबत बर्फही येतो.

तरीही नाळेचा मोह पडतो. वाऱ्याला आडोसा असतो, वाट सरळ वर जाते, आणि बर्फ टणक असेल तर क्रॅम्पॉनचे दात छान रुततात. धोका असतो तो वरच्या उतारावर. हिमस्खलन बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारावर होते. त्याहून फार उभ्या ठिकाणी बर्फ साचतच नाही, थोडाथोडा घसरून जातो. वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या, आडोशाच्या बाजूला दाबून बसवतो. ही लादी खालच्या भुसभुशीत थरावर टेकलेली असते आणि एका माणसाच्या वजनानेही सुटू शकते. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला किंवा बर्फात तडा धावत गेला, तर चर्चा न करता मागे फिरावे.

4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा-2 या 5,670 मीटर उंचीच्या शिखराजवळ हिमस्खलन झाले. नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत कोर्सची तुकडी क्रेव्हासमध्ये, म्हणजे बर्फातल्या खोल भेगेत, लोटली गेली. 29 जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. समोर कोण चालले आहे हे बर्फाला कळत नाही.

मग धारच बरी? बहुतेक वेळा हो, पण तिचीही किंमत आहे. धारेवर वारा थेट अंगावर येतो, वाट लांबते, आणि आडोशाच्या बाजूला वाऱ्याने बर्फाचा छज्जा बांधलेला असतो. त्याला कॉर्निस म्हणतात. वरून तो भक्कम जमीन वाटतो, खाली मात्र पोकळी असते. तो तुटतो तेही आपण समजतो त्यापेक्षा बरेच आतून. म्हणून वाऱ्याच्या बाजूने, माथ्याच्या रेषेपासून चांगले खाली राहून चालायचे. आइस ॲक्स नेहमी चढाकडच्या हातात. पाय घसरलाच तर पहिल्या एकदोन सेकंदांत तिचे टोक बर्फात रुतवून थांबायचे. वेग वाढल्यावर, विशेषतः कडक बर्फावर, ते जमत नाही.

चढाईला रात्री दोन-तीनला निघतात ते गोठणीने बर्फ धरून ठेवलेला असतो म्हणून. पूर्वेकडच्या नाळेवर ऊन आधी पडते. त्याआधी तिच्यातून बाहेर पडलेले असावे. परतीची वेळ तंबूतच ठरवायची. वर गेल्यावर, माथा दिसू लागला की, कोणाचेही डोके सरळ चालत नाही, माझेही नाही. पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी कोर्सवरून परतल्यावर ‘शिखर केलंस का?’ हा पहिला प्रश्न नसावा. त्या प्रश्नाच्या धास्तीने मुले वर रेटत राहतात.

आता मॅप रीडिंगच्या तासाचे काम. कोणत्याही डोंगराळ नकाशावर समोच्च रेषांचे ‘व्ही’ शोधा. टोक उंचीकडे असेल तर ती नाळ, उताराकडे असेल तर धार. दहा नाळा आणि दहा धारा पेन्सिलीने रंगवा, आणि वारा पश्चिमेकडून आहे असे धरून छज्जे कुठे असतील तिथे फुली मारा.