चिकटते कशी, सुटते कशी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या तुंगार्लीतील एका आजींच्या हाताला खरचटले. चार दिवसांनी जखमेवरची चिकटपट्टी काढायला त्या आमच्याकडे आल्या. आम्ही एका हिसड्यासरशी ती ओढली. पट्टीबरोबर पातळ कातडीही निघाली! चूक आमचीच.

त्याच दिवशी बाजारात चिक्कीचे खोके पाहिले. त्यावरची पट्टी ओल धरून आपोआप सुटली होती. सुटायला हवी तिथे सुटत नाही, धरायला हवी तिथे धरत नाही! याला एक उपाय कात्रीत आहे.

पट्टी एकदम सुटत नाही. काठ उचलला, की सगळा ताण त्या काठाच्या रेषेवर येतो. मग ती रेषा पुढे सरकते. शिवण उसवते ना, अगदी तशी. मध्ये गाठ असली, की उसवण अडते. पट्टीला योग्य जागी दिलेला काप म्हणजे तशी गाठच.

२००४ साली अनिमांग्शु घटक, मनोज चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकट थराला चिरा देऊन पाहिल्या. प्रत्येक चिरेपाशी रेषा अडली. तेथून पुढे सुटायला पुष्कळ जास्त जोर लागला.

आता करून पाहा. एका जाड चिकटपट्टीला मधोमध तीन बाजूंनी काप द्या. चौथी बाजू जोडलेली ठेवा. जिभेसारखा तुकडा तयार होईल. पट्टी गुळगुळीत फरशीवर चिकटवा. जिभेच्या टोकाकडून ओढलीत, तर कडेची पट्टी आधी सुटते, जीभ चिकटून राहते. शेवटी ती मुळाकडून टोकाकडे, म्हणजे उलटी सुटते. म्हणून जोर फार लागतो. मुळाच्या बाजूने ओढलीत, तर ती सहज निघते. असे काप नीट मापाने देऊन अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात पट्टीची पकड ६० पटींपर्यंत वाढविली. हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. एकच पट्टी, एकीकडून घट्ट, दुसरीकडून सैल!

जखमेच्या पट्टीला मात्र घरी कात्री लावू नये. ती हळू काढावी. एका हाताने कातडी दाबून धरावी, दुसऱ्याने पट्टी कातडीलगत मागे दुमडत न्यावी. आम्ही त्या दिवशी एवढे केले असते, तर आजींना त्रास झाला नसता.

प्रश्न : १. काठ उचलल्यावर ताण कोठे येतो? २. जिभेच्या टोकाकडून ओढल्यास जोर जास्त का लागतो? ३. तुमच्या घरात पट्टी कोठे घट्ट हवी, कोठे सैल?