जुना लॅपटॉप दुसऱ्यास देण्यापूर्वी

विद्यार्थ्यांची सर्वसाधारण नोंदवही कुलूपबंद कपाटात ठेवण्याची शिस्त प्रत्येक शिक्षकाच्या अंगवळणी पडलेली असते. ती नोंदवही रद्दीत विकण्याचा विचारही कोणाच्या मनास शिवणार नाही. परंतु त्याच नोंदवहीतील मजकूर, किंबहुना त्याहूनही अधिक, आज शिक्षकाच्या लॅपटॉपात साठलेला असतो. विद्यार्थ्याची जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, पालकांचा भ्रमणध्वनी, शिष्यवृत्तीसाठी घेतलेला बँक खाते क्रमांक, दिव्यांग मुलाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, हे सर्व पोर्टलावर माहिती भरण्याच्या निमित्ताने त्या यंत्रात उतरते आणि काम संपल्यावर तेथेच राहते. यास्तव जुना लॅपटॉप देताना केवळ एक वस्तू दिली जात नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

विंडोज १० या प्रणालीस मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि कित्येक जुनी यंत्रे विंडोज ११ साठी पात्र ठरत नाहीत. त्यामुळे यंत्र बदलण्याचा प्रश्न अनेकांपुढे उभा आहे. जुने यंत्र गावातील एखाद्या होतकरू माजी विद्यार्थ्यास द्यावे, ही भावना स्तुत्यच होय. मात्र त्यापूर्वी एक कर्तव्य पार पाडावयाचे असते.

पुसणे म्हणजे काय?

फाइल ‘डिलीट’ केली व ‘रिसायकल बिन’ रिकामा केला म्हणजे मजकूर नाहीसा झाला, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तर कोणता पाठ कोठे आहे हे चटकन सापडणार नाही. पाठ मात्र जागच्या जागी राहतील. तबकडीच्या हार्ड डिस्कवर असेच घडते. संगणक केवळ अनुक्रमणिकेतील नोंद खोडतो आणि ती पाने रिकामी समजतो. त्यांवर नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत जुना मजकूर तसाच असतो, व तो परत मिळवून देणारी सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. ‘क्विक फॉरमॅट’चीही हीच गत होय.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील सिमसन गारफिंकेल व अभी शेलट या संशोधकांनी १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि आपले निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी केवळ १२ योग्य रीतीने पुसलेल्या होत्या. इतर डिस्कवर वैद्यकीय नोंदी, खासगी पत्रव्यवहार आणि क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक सापडले.

आता आपल्याकडील परिस्थितीची कल्पना करावी. समजा, एका द्विशिक्षकी शाळेच्या गुरुजींनी आपला लॅपटॉप महाविद्यालयात जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यास दिला. पुढे तो बिघडून तालुक्याच्या गावी दुरुस्तीस गेला आणि त्यातील शिष्यवृत्तीची यादी भलत्याच्या हाती पडली. त्या भामट्याने एका शेतमजूर मातेस फोन करून मुलाचे नाव, इयत्ता व खाते क्रमांक अचूक सांगितले आणि “शिष्यवृत्ती जमा करावयाची आहे, ओटीपी सांगा,” असे म्हटले, तर तिने अविश्वास का दाखवावा? तिची शिल्लक जाईल, आणि ही माहिती कोठून फुटली हे तिला कधीच कळणार नाही. गुरुजींचा हेतू निर्मळ होता, एवढ्याने तिची हानी भरून येत नाही. तिने आपले कागद शाळेच्या विश्वासावर दिलेले होते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीसंबंधी विशेष बंधने घातली आहेत. तथापि कायद्याच्या आधी शिक्षकाचा धर्म येतो.

प्रत्यक्ष कृती

१. प्रथम आवश्यक मजकुराची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. प्रत न तपासता पुसण्यास कदापि आरंभ करू नये.

२. लॅपटॉपातील ई-मेल व अन्य खात्यांतून बाहेर पडावे. भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’ या यादीतून हे यंत्र काढावे. ब्राउझरात जतन झालेले पोर्टलांचे परवलीचे शब्द बदलावेत.

३. पुसण्याच्या कामास कित्येक तास लागू शकतात. जुन्या बॅटरीवर विसंबू नये. भारनियमन नसेल अशी वेळ निवडून चार्जर जोडूनच काम सुरू करावे.

४. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ या क्रमाने जावे. विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, ‘रिकव्हरी’ असा मार्ग आहे. तेथे ‘रिसेट धिस पीसी’ व नंतर ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे. येथेच पुष्कळांची चूक होते. पुढे ‘चेंज सेटिंग्ज’ उघडून ‘क्लीन डेटा’ या प्रश्नास ‘येस’ असे उत्तर दिले पाहिजे; तसे न केल्यास जुना मजकूर परत मिळवता येण्याजोगा राहतो.

५. डिस्क कोणत्या प्रकारची आहे हे ‘टास्क मॅनेजर’मधील ‘परफॉर्मन्स’ या भागात बहुधा कळते. ती ‘एसएसडी’ असेल तर अधिक दक्षता हवी. अशी डिस्क झीज समान व्हावी म्हणून मजकूर आळीपाळीने निरनिराळ्या जागी लिहिते व काही जागा राखीव ठेवते. त्यामुळे वरून लिहूनही एखादा कोपरा न पुसता राहण्याचा संभव असतो. म्हणून डिस्कच्या निर्मात्याने दिलेले ‘सिक्युअर इरेज’ वापरावे. ते न मिळाल्यास प्रथम ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ने संपूर्ण डिस्क गुप्त लिपीत बदलावी व मग वरील रिसेट करावे. लिपीची किल्ली नष्ट झाली की मागे राहिलेला मजकूर निरर्थक होतो.

६. काम संपल्यावर देश व भाषा विचारणारा पहिला पडदा दिसतो. तेथेच यंत्र बंद करून नव्या धन्याच्या स्वाधीन करावे.

दोन विशेष सूचना

लॅपटॉप शाळेच्या मालकीचा असेल तर तो परस्पर कोणासही देता येत नाही. जडवस्तू नोंदवहीतील वस्तूचे निर्लेखन रीतसर मंजूर व्हावे लागते. त्या वेळी डिस्क कोणी, केव्हा व कोणत्या पद्धतीने पुसली याची नोंद करून मुख्याध्यापकांनी स्वाक्षरी करावी.

यंत्र बंद पडले म्हणजे माहितीही गेली, असे समजू नये. पडदा निकामी झाला तरी डिस्क शाबूत असते. जाणकाराकडून ती काढून घ्यावी, दुसऱ्या संगणकास जोडून पुसावी अथवा कायमची मोडून टाकावी. एसएसडी मोडताना आतील चिपांचेच तुकडे झाले पाहिजेत. जाळण्याचा उपाय मात्र करू नये. त्यातून विषारी धूर निघतो. मोडलेले भाग भंगारवाल्यास न देता मान्यताप्राप्त ई-कचरा संकलकाकडे सोपवावेत.

रोज पाटी स्वच्छ पुसून ठेवावी, असे मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकास ही शिस्त नवी नाही. पाटी बदलली आहे, इतकेच.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या लॅपटॉपात विद्यार्थ्यांची कोणकोणती माहिती आहे? तीपैकी आज कोणती अनावश्यक आहे?

(२) शाळेतील जुने पेन ड्राइव्ह व भ्रमणध्वनी यांस हेच नियम कसे लागू होतील?

(३) केंद्रातील जाणकार शिक्षकाच्या साहाय्याने एका जुन्या यंत्रावर हे प्रात्यक्षिक केव्हा घेता येईल?