जुन्या डिशवर सूर्य टिपायचा, तर खर्च किती?

सॉफ्टवेअरचा खर्च शून्य, हे आधीच सांगतो. रेडिओ खगोलशास्त्राच्या छंदासाठी कुणी नवा लॅपटॉप घ्यायला निघालं असेल, तर त्याला थांबवा. घरात पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन किंवा उबुंटू लिनक्स टाका. रेडिओ सिग्नल लॅपटॉपमध्ये आणणारं यूएसबी डोंगल चालवायला आरटीएल-एसडीआर, सिग्नल डोळ्यांनी बघायला जीक्यूआरएक्स आणि पुढे स्वतःचा रिसीव्हर रचायला जीएनयू रेडिओ, हे सगळं तिथे फुकट मिळतं. एक अडचण मात्र हमखास येते. लिनक्स या डोंगलला टीव्ही ट्यूनर समजून स्वतःचा ड्रायव्हर लावतं आणि मग डोंगल आपल्या हाती लागत नाही. तो ड्रायव्हर बंद केला की काम होतं.

खरे पैसे जातात ते डोंगलवर, अंदाजे तीन ते पाच हजार. नकली माल फार आहे, पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या. डीटीएचची ६० सेंटीमीटरची डिश भंगारात दोन-तीनशेला मिळते. डिशसमोर बसून सिग्नल पकडणारा एलएनबी, स्प्लिटर, केबल आणि जोडण्या मिळून सहाशे-सातशे धरा.

आता जपायची जागा. एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट लागतात. तेवढे व्होल्ट डोंगल देऊ शकत नाही आणि उलट ते डोंगलमध्ये शिरले तर डोंगल जळतं. जुना सेट-टॉप बॉक्स असेल तर वीज त्याच्याकडून घ्या. स्प्लिटरच्या ज्या तोंडातून वीज जाते तिथे बॉक्स जोडा, डोंगल दुसऱ्या तोंडाला. पण डोंगल लावण्याआधी त्या तोंडावर मल्टिमीटर धरा. काटा शून्यावरच हवा.

डिशच्या मधोमध नखाएवढा आरशाचा तुकडा चिकटवा. त्याचा कवडसा एलएनबीच्या तोंडावर पडला की डिश सूर्याकडे लागली. तुकडा एकच, कारण पूर्ण डिश चकचकीत केली तर उन्हाने एलएनबी वितळेल. मग डिश थोडी पश्चिमेकडे वळवून सोडून द्या. आरटीएल-एसडीआरसोबत येणारा आरटीएल-पॉवर हा प्रोग्राम दर दहा सेकंदांनी आकडे लिहीत राहील, ते लिबरऑफिसमध्ये उघडून आलेख काढा. डोंगलचा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, आपण ठरवून कायम ठेवायचा. तो आपोआप बदलू दिला तर आलेख सपाट होतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि या डिशची नजर साधारण तीन अंशांची, म्हणून आलेखातली टेकडी बारा-पंधरा मिनिटांची दिसते. मार्चचा पहिला पंधरवडा आणि ऑक्टोबरची सुरुवात टाळा. तेव्हा सूर्य टीव्हीच्या उपग्रहांच्या मागून जातो आणि दोघांचे सिग्नल मिसळतात.

अवकाशातल्या हायड्रोजन वायूची १४२०.४ मेगाहर्ट्झची रेडिओ रेषा हा पुढचा टप्पा. लाट २१ सेंटीमीटरची, त्यामुळे ही डिश तिला तोकडी पडते आणि डीटीएचचा एलएनबी कामाचाच नाही. वायफायची जाळीदार डिश आणि फिल्टर असलेला अॅम्प्लिफायर यांचे आठ-दहा हजार तरी धरा. डिशचे पैसे वाचवायचे असतील तर पुठ्ठ्याला अॅल्युमिनियम फॉइल लावून कर्णा करा. १९५१ साली हार्वर्डमध्ये ही रेषा पहिल्यांदा सापडली ती प्लायवूड आणि तांब्याच्या पत्र्याच्या कर्ण्यानेच. निरीक्षणासाठी व्हर्गो हे सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट.

सूर्याची टेकडी निघेपर्यंत हायड्रोजनवर एक रुपयाही घालू नका. ती निघाली की २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदला जा. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश त्या परिसरात उभ्या आहेत, आणि त्या सुमारास तिथलं विज्ञान प्रदर्शन सगळ्यांना खुलं असतं.