फिरते की फिरवली जाते? : अब्जांश-वैद्यकाच्या मराठी परिभाषेचा एक प्रश्न

परिभाषा म्हणजे परक्या शब्दाला आपला शब्द देणे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु शास्त्रीय घटना भाषेत येते ती वाक्यातून. आणि वाक्यात कर्ता कोण, हे ठरवावेच लागते. ह्या दुसऱ्या प्रश्नाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. बंगळूरमधील एका संशोधनाच्या आधारे त्याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘नॅनो’चे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा अर्थ ‘खुजा’ असा आहे. १९६० मध्ये मापनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याला एक अब्जांश हा निश्चित अर्थ मिळाला. मराठीने ‘अब्जांश’ हा संख्यावाचक पर्याय निवडला. ‘वामन’ हा शब्द मुळाशी अधिक जवळचा ठरला असता. पण त्याच्यामागून तीन पावलांत त्रिभुवन व्यापण्याची कथाही आली असती. शास्त्राने सिद्ध न केलेले सामर्थ्य शब्दाने आधीच बहाल केले असते. तेव्हा येथे मराठीची निवड विवेकाची झाली, असे म्हणावे लागेल.

हा विवेक ‘स्मार्ट’ ह्या विशेषणापाशी मात्र सुटतो. त्याचे ‘हुशार’ किंवा ‘बुद्धिमान’ असे भाषांतर होते आणि कण विचार करू लागतात. वस्तुतः असा पदार्थ आम्लता, उष्णता, प्रकाश वा चुंबकीय क्षेत्र यांतील बदलाला ठरावीक प्रतिसाद देतो, एवढेच अभिप्रेत असते. त्याला ‘प्रतिसादी’ म्हणणे अधिक यथार्थ होय.

आता उदाहरण पाहू. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अंबरीश घोष यांनी अमेरिकेत असताना पीअर फिशर यांच्यासह २००९ मध्ये सिलिकाची मळसूत्राकार सूक्ष्म रचना प्रसिद्ध केली. तिची रुंदी २०० ते ३०० नॅनोमीटर, लांबी एक ते दोन मायक्रोमीटर. तिच्यावर चुंबकीय धातूचा लेप असतो. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र फिरवले की ती फिरते आणि लाकडात मळसूत्री खिळा शिरावा तशी द्रवातून पुढे सरकते. पुढे बंगळूर येथे घोष यांच्या गटाने २०१४ मध्ये अशा रचना मानवी रक्तातून चालवून दाखविल्या. २०२२ मध्ये काढलेल्या दातांच्या नमुन्यांतील सूक्ष्म नलिकांत त्या सुमारे २,००० मायक्रोमीटर खोल नेण्यात आल्या, आणि क्षेत्राची वारंवारता बदलून, त्यांना तापवून, तेथील जीवाणू मारण्यात आले. रूट कॅनाल उपचारानंतरही अशा नलिकांत जंतू दडून राहतात, म्हणून ह्या प्रयोगाचे महत्त्व.

ह्या रचनांना इंग्रजीत ‘रोबो’, ‘पोहणारे’, ‘प्रवासी’ अशी नावे मिळाली. मराठीत सहज लिहिले जाते : ‘यंत्रमानव दातात शिरतो, जंतू शोधतो आणि ठार करतो.’ तीन क्रियापदे, तिन्हींचा कर्ता एकच. आणि तो चुकीचा. मराठीपाशी प्रयोजक क्रियापदांची समृद्ध व्यवस्था आहे : फिरणे–फिरवणे, चालणे–चालवणे, तापणे–तापवणे. फिरवणारा दाताबाहेर आहे, हे सत्य ‘फिरवली जाते’ ह्या साध्या रूपात पूर्णपणे सामावते.

वैद्यकीय प्रतिमांच्या क्षेत्रात हा दोष अधिक स्पष्ट होतो. लोह-ऑक्साइडचे कण यकृताच्या एमआरआय तपासणीसाठी वापरण्यास अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली होती. पुढे त्या औषधाचे उत्पादन थांबले. त्या कणांना ‘गाठ शोधणारे’ म्हणणे सोपे होते. प्रत्यक्षात निरोगी यकृतातील भक्षकपेशी ते कण गिळत, म्हणून निरोगी भाग चित्रात काळवंडे. बहुतेक गाठींत त्या पेशी नसल्याने गाठ उजळ उरे. कण गाठीकडे जात नव्हते, म्हणूनच गाठ दिसत होती. व्याकरणाने घटना उलटी केली, ती अशी.

‘लक्ष्यवेधी औषध’ ह्या पदाचेही तेच. त्यामागे पॉल एर्लिख यांची ‘जादूच्या गोळी’ची कल्पना उभी आहे. परंतु आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण केवळ ०.७ टक्के आढळले. ह्यामुळे ती औषधे निरुपयोगी ठरत नाहीत. औषधाचे दुष्परिणाम कमी करणे हेही मोलाचे कार्य आहे. ‘वेध’ हा शब्द मात्र त्या आकड्याला झाकून टाकतो.

हा केवळ वैयाकरणांचा वाद नव्हे. येथील वास्तव्यात बेळगावकडील एका रुग्णाच्या मुलाने एक इंग्रजी माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, “सर, हे औषध आपणहून गाठ शोधतं म्हणे. मग उरलेल्या शरीराला काहीच होत नाही ना?” त्याचा प्रश्न ‘शोधतं’ ह्या क्रियापदातून निघाला होता, आणि त्या क्रियापदावर विसंबून तो वडिलांच्या उपचाराचा निर्णय घेणार होता. मी त्याला एवढेच सांगितले की, औषध शोधत नाही. ते रक्ताबरोबर सर्वत्र नेले जाते आणि काही अंश गाठीत राहतो. उरलेल्या अंशाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

भारतीय भाषांतील शास्त्रीय गद्याचा अभ्यास करताना शब्दसूचीपलीकडे जाऊन क्रियापदांकडे पाहिले पाहिजे. मराठीत ह्या विषयावर लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्यापाशी थांबून ‘हे कोण करते?’ असे विचारावे. उत्तर देण्याची सोय भाषेत आहे. ती वापरण्याची सवय लावून घेणे आपल्याकडे आहे.