तलवार, यंत्र आणि कुमार राजा : आर्थरकथेच्या बाष्पयुगीन पुनर्निर्मितीविषयी

आर्थर राजाच्या मध्ययुगीन कथेत त्याच्या वयाला विशेष अर्थ आहे. जेफ्री ऑफ मॉनमथच्या बाराव्या शतकातील इतिहासवजा ग्रंथात तो पंधराव्या वर्षी राज्यावर येतो. टॉमस मॅलरीच्या, १४८५ मध्ये कॅक्स्टनने छापलेल्या संहितेत हा पोरगेला आर्थर मानलेल्या भावाची विसरलेली तलवार आणावयास जातो आणि ती न मिळाल्याने चर्चच्या प्रांगणातील ऐरणीत रुतलेली तलवार सहज उपसून आणतो. आपण काय केले, हे त्याला ठाऊकही नसते. परंतु एकदा उपसून भागत नाही. मिसरूड न फुटलेल्या मुलाचे राज्य सरदारांना नको असते. कसोटी सणामागून सण लांबत जाते व अखेर पेंटेकॉस्टच्या दिवशी सामान्य जन त्याच्या नावाचा पुकारा करतात. राजपदाचा पुरावा असा दुहेरी आहे : चमत्कार आणि लोकमान्यता.

वाफेच्या युगातील यंत्रसामग्री कल्पिताच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या लेखनाला ‘स्टीमपंक’ ही संज्ञा के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ मध्ये काहीशा विनोदाने दिली. त्यांच्याच ‘मॉरलॉक नाइट’ (१९७९) या कादंबरीत एच. जी. वेल्सचे काळयंत्र आणि आर्थरची तलवार एकत्र येतात. काळयंत्रामुळे त्या एकमेव तलवारीच्या प्रती निर्माण होतात आणि तिचे सामर्थ्य विभागले जाते. ही कल्पना वरवर साहसकथेची युक्ती वाटते. वस्तुतः ती पुनर्निर्मितीची मूळ अडचणच सांगते. यंत्राचा गुण असा, की ते कोणीही चालवावे. तलवारीचा गुण असा, की ती एकानेच उपसावी. बहुतेक अनुकरणे दातेरी चाके व पितळी नळ्या यांच्या वर्णनातच रमतात आणि या विरोधाकडे पाहतही नाहीत.

संज्ञा रूढ होण्याच्या जवळजवळ शतकभर आधी मार्क ट्वेनने हा विरोध शेवटापर्यंत नेला होता. ‘अ कनेटिकट यँकी इन किंग आर्थर्स कोर्ट’ (१८८९) मध्ये शस्त्रांच्या कारखान्यातील मुकादम हँक मॉर्गन सहाव्या शतकात जाऊन पडतो आणि तेथे तारायंत्र, दूरध्वनी, कारखाने व शाळा उभारतो. येथे आर्थर प्रौढ आहे. म्हणून ही कुमार राजाची कथाच नव्हे, असा आक्षेप घेता येईल. पण कसोटीचे दृश्य ट्वेनने गाळलेले नाही, त्याचे केवळ स्थलांतर केले आहे. सैन्याधिकाऱ्यांच्या निवडीसाठी परीक्षा होते. हँकने शिकवून तयार केलेला विणकराचा मुलगा पात्र असूनही नाकारला जातो आणि काहीही न येणारे कुलीन उमेदवार पसंत पडतात. मॅलरीच्या कथेत अज्ञात कुळाचा मुलगा अखेर राजपुत्र ठरतो, तेव्हा चमत्कार वंशाचीच ग्वाही देत असतो. ट्वेनने हे ग्वाहीपण उघडे पाडले.

मराठीतील ‘युगान्त’मध्ये (१९६७) इरावती कर्वे यांनीही महाभारतातील अद्भुताचे आवरण दूर सारून माणसांची किंमत मोजली, ट्वेनची पद्धत मात्र उपहासाची, म्हणून अधिक निर्दय आहे.

ही निर्दयता शेवटच्या लढाईत त्याच्या स्वतःच्या नायकावर उलटते. चर्चच्या बहिष्कारानंतर सारे हँकला सोडून जातात. उरतात फक्त बावन्न मुले, चौदा ते सतरा वर्षांची. आर्थरने तलवार उपसली ते हेच वय. कुळावरून नव्हे, शिक्षणावरून निवडलेली ही मुले खऱ्या अर्थाने नव्या कथेतील कुमार होत. मात्र त्यांच्यासाठी कोणी पुकारा करीत नाही. लोकमान्यतेचा दुवा तुटलेला आहे. विद्युत्प्रवाहाच्या तारा, गॅटलिंग तोफा आणि कोंडलेल्या पाण्याचा लोंढा यांच्या बळावर ती पंचवीस हजार सरदारांना मारतात. आणि प्रेतांच्या त्या वेढ्यात अडकून, कुजलेल्या हवेने गुहेत आजारी पडू लागतात.