उपग्रहाले आपलं वावर दिसते काय?

जूनच्या सुट्टीत गावी, अकोला जिल्ह्यात होतो. आदल्या वर्षी आमची दुबार पेरणी झालेली. टीव्हीवर ढगांचं चित्र पाहून बाबांनी विचारलं, "काहून रे, तुह्या त्या उपग्रहाले आपलं वावर दिसते काय?" थर्ड इयरला असून मला उत्तर देता आलं नाही. अमरावतीला होस्टेलवर परतल्यावर लायब्ररीत जे समजलं, ते मांडतो.

उपग्रह हवाच कशाला? नागपूरला डॉप्लर रडार आहे. पण तिथून अकोला सरळ रेषेत सुमारे २२० किमी. पृथ्वी गोल, त्यामुळे अर्ध्या अंशाने सोडलेला किरण अकोल्यावर येईपर्यंत साडेचार-पाच किमी उंच जातो. त्याखालचा पाऊस त्याला दिसणार कसा? पर्जन्यमापक नेमका खरा, पण तो आपल्या तोंडात पडलेलं तेवढंच मोजतो.

उपग्रह दोन तऱ्हेचे. २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस ३६,००० किमीवरून सतत पाहतो. पण इन्फ्रारेडने ढगाचा माथा किती थंड एवढंच कळतं. माथा थंड म्हणजे पाऊस आहेच, असं नाही. २०१४ चा जीपीएम बराच खालून फिरतो. मायक्रोवेव्ह आणि रडारने ढगाच्या पोटातले थेंब, बर्फ टिपतो. पण एका जागी थांबत नाही. दोन्ही तऱ्हांची माहिती जोडून दर अर्ध्या तासाचा, १० किमी चौकटींचा पावसाचा नकाशा बनतो.

आता अंदाजाकडे येऊ. संगणकाचं मॉडेल 'आत्ता हवेत काय आहे' इथून सुरू होतं. पहिलीच स्टेप चुकली तर पुढचं गणित चुकणारच! विदर्भात जोराचा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे येतो, आणि समुद्रावर पर्जन्यमापक कोण लावणार? तिथली उपग्रहाची मोजमापं मॉडेलमध्ये घालून सुरुवात दुरुस्त करतात. यालाच डेटा असिमिलेशन म्हणतात. जुलै २०२१ मध्ये मोर्णेचं पाणी अकोल्यात शिरलं, तेव्हा असे थोडे तास आधी कळण्याची किंमत सगळ्यांनाच समजली.

आता बाबांचा प्रश्न. १० किमीची चौकट म्हणजे १०,००० हेक्टर. आमचं वावर पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर : चौकटीचा पाच हजारावा भाग! चौकटीची सरासरी चांगली असली तरी आमच्या धुऱ्याच्या आत कोरडं असू शकतं.

फोनवर सांगितलं, "बाबा, वावर नाही दिसत, पण वावराकडे येणारा पाऊस दिसतो. पेरणी मात्र आपल्या वावरात ७५ ते १०० मिलिमीटर पडल्यावरच करा. सरळ कडांचा डबा ठेवा अन् पट्टीने मोजा."

बाबा म्हणाले, "मंग तं डबाच बरा!"

मला वाटतं, दोन्ही पाहिजेत.