रुग्णालयातील जंतूंची नोंदवही

एका दिवसाच्या सरीवरून वर्षाचे पर्जन्यमान सांगता येत नाही. त्यासाठी रोजचा पाऊस मोजून लिहून ठेवावा लागतो. रुग्णालयातील रोगजंतूंचेही असेच आहे. एका रुग्णाची तपासणी त्या रुग्णापुरती असते. वर्षानुवर्षांची नोंद साऱ्या रुग्णालयाची स्थिती सांगते. याचे एक बोधप्रद उदाहरण आपण पाहू.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते औषध प्रचारात आले. जखमेत पू उत्पन्न करणारे ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ हे जंतू सूक्ष्मदर्शकातून द्राक्षांच्या घोसासारखे दिसतात. पेनिसिलिनपुढे त्यांतील बहुतेक टिकेनात, तेव्हा या शत्रूची भीती संपली असेच अनेकांस वाटले.

लंडनच्याच हॅमरस्मिथ रुग्णालयातील जंतुशास्त्रज्ञ मेरी बार्बर यांनी मात्र मोजणी चालू ठेवली. रुग्णांपासून मिळालेले हे जंतू प्रयोगशाळेत वाढवावयाचे, पेनिसिलिनच्या सान्निध्यात ते मरतात की वाढतात हे पाहावयाचे आणि नोंद करावयाची, असा हा क्रम होता. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण १९४६ साली शेकडा सुमारे १४ होते. १९४७ साली ते ३८ झाले आणि १९४८ साली ५९ वर गेले!

असे का व्हावे? काही जंतू पेनिसिलिनेज नावाचे द्रव्य निर्माण करतात आणि ते द्रव्य पेनिसिलिनचाच नाश करते. औषधाने इतर जंतू मरतात, हे मात्र उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागी फोफावतात. पुढे हातांच्या स्पर्शाने व वस्तूंच्या द्वारे ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातात. म्हणून ज्याने पेनिसिलिन कधीच घेतले नाही, अशा रुग्णालाही त्यांची बाधा होऊ शकते.

नोंदीने संकट दाखविले, तसा उपायही पारखून दिला. बार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या औषधांच्या वापरावर निर्बंध घातले आणि संसर्ग टाळण्याची दक्षता घेतली. त्यामुळे अशा जंतूंचे प्रमाण उतरल्याचे त्यांनी १९६० साली प्रसिद्ध केले. परंतु लढा संपला नाही. १९५९ साली मेथिसिलिन हे नवे औषध आले आणि १९६१ साली त्यालाही न जुमानणाऱ्या जंतूंचे वृत्त इंग्लंडमधूनच प्रसिद्ध झाले.

आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ साली अशा नोंदींचे जाळे उभारण्यास आरंभ केला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली असे कार्य हाती घेतले.

यांत विद्यार्थ्यांचे कर्तव्य कोणते? डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून अशी औषधे घेऊ नयेत, ती आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि रुग्णास भेटण्यापूर्वी व भेटून आल्यावर हात स्वच्छ धुवावेत. या गोष्टी लहान दिसतात खऱ्या. पण त्या नोंदवहीतील आकडे चढतात वा उतरतात, ते अशाच लहान गोष्टींनी.